मोटो गुझी ८५० ल मान्स (१९७७): खरी ओळखताना आणि चालवताना आलेला अनुभव

गाडी घेऊन एक अख्खा हंगाम उलटला, थंडीत ती उघडून परत जोडूनही झाली, आणि आता दुसरा हंगाम अर्ध्यावर आलाय. म्हणजे लिहायला हरकत नाही. नोकरीमुळे मी बेर्गामोला राहतो, इटलीच्या उत्तरेला, मिलानपासून पन्नासेक किलोमीटरवर. इथे राहून जुनी इटालियन गाडी घ्यायची तर त्यात काय अवघड, असं पुण्याचे मित्र म्हणतात. गाडी मिळायला खरंच अवघड नाही. खरी मिळायला आहे.

ल मान्स ही इटलीच्या मोटो गुझी कंपनीची मोटरसायकल, आणि ही तिची पहिली आवृत्ती. १९७५ च्या मिलान प्रदर्शनात दाखवली आणि १९७६ ते १९७८ या काळात बनवली. ८४४ सीसी, नव्वद अंशांत फाकलेले दोन सिलिंडर टाकीखालून दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, पाच गिअर, चेनऐवजी शाफ्ट. कंपनीचा दावा ७३०० आरपीएमला ७१ हॉर्सपॉवरचा. चासी लिनो तोंती यांची. सरळ नळ्यांची, ठेंगणी, आणि इतकी चांगली जमलेली की पुढे कित्येक वर्षं गुझीने तीच थोडीफार बदलून वापरली.

गोंधळ इथूनच सुरू होतो. त्याच काळात त्याच चासीवर, जवळपास त्याच इंजिनाची, ८५० टी३ नावाची साधी टूरिंग गाडीही निघत होती. आज टी३ ला ल मान्सच्या मानाने फारच कमी पैसे पडतात. टी३ घ्यायची, लांबट टाकी, छोटं फेअरिंग (पुढचं हवा कापणारं आवरण), खाली वाकवणारे क्लिप-ऑन हँडल आणि ओतीव चाकं चढवायची, लाल रंग मारायचा, झाली ल मान्स. सगळे सुटे भाग नवे बनवून मिळतात आणि चांगले मिळतात. अशी गाडी ‘रेप्लिका’ म्हणून विकली तर माझी काहीच तक्रार नाही, कित्येकदा ती चालवायला मूळ गाडीपेक्षा बरी असते. तक्रार आहे ती खरी म्हणून विकणाऱ्यांबद्दल.

व्हेरोनाजवळ एक पाहिली होती. फोटोंत देखणी, प्रत्यक्षात त्याहून देखणी. आमच्या गावातला एक म्हातारा मेकॅनिक सोबत आला होता. गाडीकडे ढुंकूनही न बघता तो थेट हँडलच्या दांड्यापाशी वाकला आणि टॉर्च तिरका धरला. ल मान्सचा चासी नंबर व्हीई या अक्षरांनी सुरू होतो, टी३ चा व्हीडी ने. आता डी चा ई करायचा तर डी चा फुगवटा घासून काढावा लागतो. समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नव्हतं. टॉर्च आडवा झाल्यावर ई च्या उजव्या बाजूला रंगाखाली एक उथळ, अर्धगोल खळगा दिसला, आणि ई ची मधली दांडी बाकीच्या अक्षरांपेक्षा खोल गेलेली. कारखान्यात नंबर ठोकायचे तेव्हा अक्षरं वरखाली व्हायची, त्यामुळे वाकडेपणाला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते आजूबाजूच्या धातूच्या गुळगुळीतपणाला. ओतीव किंवा जोडलेला भाग इतका तुळतुळीत नसतो.

दुसरी खूण मला माहीतच नव्हती. इटलीत विकल्या गेलेल्या त्या काळच्या गाड्यांवर नंबरजवळच डीजीएम ने सुरू होऊन ओएम ने संपणारा एक आकडा ठोकलेला असतो. तो त्या मॉडेलच्या सरकारी मंजुरीचा क्रमांक. लोक चासी नंबर घासतात आणि हा विसरतात. त्या गाडीवर तो टी३ चाच होता. मालकाला विचारलं तर म्हणाला, कागद हरवले होते, नवे काढताना गोंधळ झाला असेल. आम्ही कॉफी पिऊन परत आलो.

आपल्याकडचे लोक जुनी गाडी म्हटली की पहिला प्रश्न विचारतात, ‘मॅचिंग नंबर आहे का?’ बुलेटच्या बाबतीत तो बरोबर असेल. या गुझींचे इंजिन आणि चासी नंबर मुळातच एक नसतात. दोन्हींची अक्षरं व्हीई असावीत आणि आकडे फार लांब नसावेत, एवढंच बघायचं. कुणी अभिमानाने तंतोतंत जुळणारे नंबर दाखवले तर मी तरी टॉर्च बाहेर काढेन.

कागदांचं मात्र इथे मला कौतुक वाटतं. पीआरए नावाची वाहनांची सार्वजनिक नोंदवही आहे. थोडी फी भरली की नंबर प्लेटवरून कुणालाही आजचा मालक आणि गाडीवरचा बोजा कळतो. थोडे जास्त पैसे भरले तर जुना इतिहासच मिळतो: पहिली नोंदणी कधी, त्यानंतर कोणकोणत्या मालकांच्या नावावर गेली. हा उतारा सातबाराचे जुने फेरफार वाचल्यासारखा वाचायचा. मधला एखादा मालक गायब असेल, किंवा कर न भरल्यामुळे गाडी नोंदवहीतून काढून टाकलेली असेल, तर तिथे थांबून प्रश्न विचारायचे. तशी काढलेली गाडी परत नोंदवता येते, पण वेळ आणि पैसा दोन्ही जातात आणि भाव करताना ते धरावं लागतं. शिवाय चासी नंबर देऊन कारखान्याकडून गाडी मुळात कोणत्या मॉडेलची म्हणून बाहेर पडली याचा दाखला मागवता येतो. तो घ्याच. माझ्या मते बाकी सगळ्या चकाकीपेक्षा या एका कागदाचं वजन जास्त.

यानंतर येतात एफएमआय, म्हणजे इथल्या मोटरसायकल महासंघाची ऐतिहासिक नोंद, आणि एएसआय या जुन्या गाड्यांच्या संघटनेचं प्रमाणपत्र. विम्याच्या स्वस्त ‘ऐतिहासिक’ पॉलिसीसाठी सहसा यांपैकी एक लागतंच. जाहिरातीत मात्र ही प्रमाणपत्रं गाडीच्या खरेपणाचा शेवटचा शब्द असल्यासारखी झळकतात, तसं धरून चालू नये. गाडी त्या मॉडेलसारखी, त्या काळासारखी आहे असं ती सांगतात. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत तिच्या पोटात काय काय झालं, हे त्यांच्यावरून कळत नाही.

माझी गाडी ब्रेंबो नदीच्या खोऱ्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. दुसऱ्या मालिकेची आहे, म्हणजे मागचा दिवा मोठा, चौकोनी. पहिल्या मालिकेचा गोल छोटा दिवा असलेल्या गाड्या कमी निघाल्या म्हणून त्यांचा भाव आणखी वर, आणि म्हणूनच चौकोनी दिवा काढून गोल लावणारेही आहेत. माझ्या गाडीवर जिल्ह्याची दोन अक्षरं असलेली जुनी मूळ प्लेट आहे, मूळ नोंदणी पुस्तक आहे, त्यात खाडाखोड नाही. गाडी मात्र ‘ओरिजिनल’ नाही, आणि हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. सिलिंडर बदललेले, सीट नवी, सायलेन्सर नवे. सगळ्याच्या पावत्या एका बुटाच्या खोक्यात.

सिलिंडरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे शुद्धतावादी लोक चुकीचा हट्ट धरतात. या गाडीच्या मूळ सिलिंडरना आतून क्रोमचा मुलामा होता. वयोमानाने तो सुटतो, आणि सुटलेले कण तेलातून बेअरिंगपर्यंत जातात. त्यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे निकेल-सिलिकॉन कार्बाइडच्या लेपाचे जिलार्दोनीचे सिलिंडर. गंमत अशी की जिलार्दोनी मांदेल्लो देल लारिओचीच, म्हणजे जिथे १९२१ पासून गुझीचा कारखाना आहे त्याच कोमो सरोवराकाठच्या गावची. अशा सिलिंडरमुळे गाडीचा खरेपणा कमी होत नाही. मूळ क्रोम ‘अजून चांगला आहे’ असं कुणी सांगितलं तर मी हेड उघडून दाखवा म्हणेन, नाहीतर नव्या सिलिंडरचे पैसे भावातून वजा करेन.

सीटचंही तेच. मूळ सीट एकसंध ओतलेल्या फोमची, पुढचं टोक टाकीवर चढलेलं. तिथेच ती चिरते. शाबूत मूळ सीट बघायला मिळाली तर फोटो काढून घ्या. सायलेन्सर लाफ्रांकोनीचे, तेही मांदेल्लोचेच, कार्ब्युरेटर डेलॉर्टोचे, ३६ मिलिमीटर तोंडाचे, ब्रेक ब्रेंबोचे, तो कारखाना माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. गाडीचे बरेचसे भाग एखाद्या जिल्ह्याएवढ्या पट्ट्यातले. आज गुझी पियाज्जोच्या मालकीची आहे, आणि पियाज्जोचा एक कारखाना आपल्या बारामतीत आहे, हे इथल्या गुझीवाल्यांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता चालवण्याबद्दल. किक नाही, सेल्फच. थंड असेल तर चोक ओढायचा, दोन्ही पेट्रोल कॉक उघडायचे, आणि मिनिटभर ती स्वतःच्या लयीत येईपर्यंत थांबायचं. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा ती नेमकी सुरू होईना. सांगलीहून लगेच सल्ला आला, “जरा तिरकी करून बघ की रे!” चेतकवर आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरा उपाय सुचणार कसा. मूठ पिळली की गाडी उभ्या जागी एका अंगाला झुकते, कारण क्रँकचा अक्ष गाडीच्या लांबीच्या दिशेने असतो. पहिल्यांदा दचकायला होतं, नंतर सवय होते.

मूठ जड आहे. कार्ब्युरेटरच्या स्प्रिंगाच इतक्या ताठ की तासाभराने मनगट बोलायला लागतं. क्लचही जड. शहरात ही गाडी छळते, दर सिग्नलला. मिलानमध्ये कुणाला भेटायचं असेल तर मी लोकलने जातो. गिअर टाकताना घाई केली की ती खाडकन निषेध नोंदवते. मूठ बंद ठेवून, पायाला वेळ देऊन टाकला तर लोण्यासारखा पडतो. कोपऱ्यात शिरल्यावर अचानक मूठ सोडायची नाही, कारण शाफ्टमुळे मागचा भाग खाली बसतो.

पण बेर्गामोहून सान पेल्लेग्रिनो आणि पुढे सान मार्को खिंडीचा रस्ता घेतला, जो जवळपास दोन हजार मीटरपर्यंत चढतो, की हे सगळं विसरायला होतं. चार हजारांच्या वर इंजिन मोकळं होतं, दोन्ही सिलिंडरांचे ठोके एकात मिसळतात, आणि लांब वळणात गाडी जी एकदा झुकवली ती रेषा सोडत नाही. नवीन गाड्या हिच्यापेक्षा चपळ आहेत, हलक्या आहेत, थांबतातही लवकर. पण इतक्या ठाम नाहीत.

ब्रेकबद्दल वाद आहे म्हणून माझं मत देतो. पायाच्या ब्रेकने मागची डिस्क आणि पुढच्या दोनांपैकी एक डिस्क एकदम लागते. हाताने फक्त पुढची दुसरी. अनेकांनी हे सोडवून घेतलंय. मी नाही घेतलं. ओल्या रस्त्यावर पायाने दाबलं की गाडी सरळ, शांतपणे बसते. हाताचा ब्रेक एकटा मात्र लाकडासारखा आहे, त्याच्यावर विसंबू नका.

देखभाल घरच्या घरी होते, हा या गाडीचा सगळ्यात मोठा गुण. हेड बाहेरच असल्यामुळे व्हॉल्व्हचं अंतर तपासायला टाकीसुद्धा काढावी लागत नाही. फट मोजायचं ०.२२ मिलिमीटर जाडीचं पान आत सरकलं की झालं. तेलाचा फिल्टर मात्र खालच्या तेलपात्राच्या आत बसवलाय. तो बदलायचा तर सगळं तेल काढा, पात्राचे सगळे बोल्ट काढा, गास्केट नवं घाला. असा विचार करणाऱ्या माणसाने स्वतः कधी गॅरेजच्या फरशीवर आडवं पडून पाहिलं नसावं. वायरिंगने मला सतावलं, पण त्याला गाडीपेक्षा आधीच्या कुणा हौशी हाताने लावलेल्या चिकटपट्ट्या जास्त जबाबदार होत्या. थंडीत सगळी वायरिंग नवी टाकली, तेव्हापासून कुरकुर नाही. त्याच थंडीत गिअरबॉक्सचे ऑइल सीलही बदलून घेतले.

सुटे भाग हवे असतील तर मिलानला नोव्हेग्रोच्या जुन्या बाजारात जा, किंवा इमोलाच्या. तिथे जमिनीवर पसरलेल्या चादरीवर वेग्लिया कंपनीच्या खऱ्या मीटरच्या शेजारी त्याची हुबेहूब नक्कल मांडलेली असते आणि विकणारा दोन्हींना मूळच म्हणतो. मागून झाकण बघा, पुढून काच बघू नका. मुलामा दिलेले जुने बोल्ट आणि वापरून झिजलेले रबर यांची नक्कल अजून कुणाला नीट जमलेली नाही.

ही गाडी कुणी घ्यावी? रोज ऑफिसला जायला घेऊ नये. मागे कुणाला बसवायचं असेल तरी घेऊ नये. माझी बायको एकदा बसली, कोमो सरोवराच्या काठाने मांदेल्लोपर्यंत आली, आणि परतीला रेल्वे स्टेशनवर सोड म्हणाली. हत्यारांची पेटी उघडायला ज्याला मजा येते आणि ज्याच्याकडे गाडी थंडीत उघडून ठेवायला कोरडी जागा आहे, त्याला मी डोळे झाकून घे म्हणेन, पण आधी टी३ बघ. चांगल्या टी३ वर तुझे पैसे वाचतील आणि नंबरावर टॉर्च मारायची वेळ येणार नाही. त्यानंतरही ल मान्सच हवी असेल तर कारखान्याचा दाखला हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. विकणारा घाई करत असेल तर त्याला करू दे.