बॅकनेट राउटरचा घोळ: हू-इज की वायरशार्क?

बॅकनेटवर (इमारतीतली एसी, दिवे अशी यंत्रणा चालवणाऱ्या कंट्रोलरची आपसात बोलायची भाषा) राउटरमागचे कंट्रोलर गायब झाले की आधी 'हू-इज-राउटर-टू-नेटवर्क' (अमुक नेटवर्कचा राउटर कोण, असं विचारणारा संदेश) पाठवा. दोन मिनिटांचं काम. समजा, नेटवर्क नंबर २००१ साठी दोन वेगळ्या आयपींवरून उत्तर आलं, तर एकच नेटवर्क नंबर दोन राउटरना दिलाय. जुनी सेटिंग नव्या राउटरमध्ये जशीच्या तशी उतरवली की हे हमखास होतं. उत्तरच आलं नाही, तर कारण मात्र कळत नाही.

तिथे वायरशार्क (नेटवर्कवरचे पॅकेट टिपून दाखवणारं सॉफ्टवेअर). फिल्टर फक्त बॅकनेटच्या नेहमीच्या यूडीपी पोर्ट ४७८०८ चा नको, राउटरच्या आयपीचा लावा. कुणी पोर्ट ४७८०९ ठेवला असेल तर तेव्हाच दिसतो. स्विचवर मिरर पोर्ट (दुसऱ्या पोर्टवरच्या ट्रॅफिकची नक्कल देणारा) लागतो, ही कटकट आहेच.

एमएस/टीपी बाजू (राउटरमागचे कंट्रोलर जोडणारी सिरियल वायर) दोन्हींना थेट दिसत नाही. सगळ्यांचा मॅक्स मास्टर (कितव्या पत्त्यापर्यंत शोधायचं ती मर्यादा) ३१ आणि कंट्रोलरचा पत्ता ४० असेल, तर त्याला टोकन (बोलायची पाळी) मिळतच नाही.