कन्सोलने स्वीकारलेली बनावट हार्ड डिस्क

गेम कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या व्यवहारात आमच्या घरी जी फसवणूक झाली, ती मी येथे सविस्तर लिहीत आहे. रक्कम चार हजारांच्या आतली होती. एवढ्या रकमेसाठी सहसा कोणी तक्रारीच्या वाटेला जात नाही, आणि अशा विक्रेत्यांचे खरे भांडवल तेच आहे. त्यातही ही फसवणूक अशी रचलेली असते की वस्तू हाती आल्यावर ती उत्तम चालते आणि दोष दिसू लागतो तेव्हा ती परत करण्याची मुदत उलटून गेलेली असते. कोकणातल्या ज्या गावांत इंटरनेटचा वेग आजही बेताचाच आहे, तिथे तर ती मुदत हमखास उलटते.

आम्ही देवगड तालुक्यात राहतो. मुलाकडे प्लेस्टेशन ४ हे कन्सोल आहे, ५०० जीबीचे. त्यातली वापरायला मिळणारी जागा साधारण ४०० जीबी असते आणि आजचे मोठे गेम एकेकटेच ४० ते १०० जीबी जागा घेतात. गेमची ब्लू-रे तबकडी विकत आणली तरी गेम आधी कन्सोलच्या आत पूर्ण कॉपी व्हावा लागतो, म्हणून जागेचा प्रश्न सुटत नाही. नवा गेम घ्यायचा तर जुना पुसायचा, आणि जुना पुन्हा हवा झाला तर तो पुन्हा उतरवायचा, असे चालले होते. दिवसाला दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर ५० जीबीचा गेम उतरवायला २५ दिवस लागतात, हे ध्यानात घेतले तर बाहेरून जोडायची हार्ड डिस्क ही आमच्याकडे चैन नव्हती हे कळेल. या कन्सोलला अशी डिस्क जोडण्याची सोय सोनी कंपनीने २०१७ साली सॉफ्टवेअरच्या ४.५० क्रमांकाच्या अद्ययावतीकरणातून दिली. डिस्क यूएसबी ३.० किंवा त्यापुढची हवी आणि तिची क्षमता २५० जीबी ते ८ टेराबाइट (एक टेराबाइट म्हणजे हजार जीबी) यांच्या दरम्यान हवी, एवढ्या अटी त्यात आहेत.

मुलाने या अटी वाचूनच डिस्क निवडली होती. एका मोठ्या खरेदी-संकेतस्थळावर एका स्वतंत्र विक्रेत्याने ती ठेवली होती. क्षमता २ टेराबाइट, वर गेमिंगचे चित्र, शंभरावर ग्राहकांचे चांगले अभिप्राय. खऱ्या नाममुद्रेच्या २ टेराबाइट डिस्कला तेव्हा साडेपाच ते सहा हजार रुपये पडत होते. ही त्याहून स्वस्त होती, पण सवलतीत मिळू शकेल इतकीच स्वस्त होती. काडेपेटीएवढ्या डबीत १६ टेराबाइट देतो म्हणून सांगणाऱ्या जाहिराती आपण सगळेच पाहतो आणि त्या खोट्या असणार हे ओळखतोही. या विक्रेत्याने मात्र आकडा आणि किंमत दोन्ही पटतील अशीच ठेवली होती. अभिप्रायही बहुधा खरे असावेत, कारण ते पहिल्या चार-आठ दिवसांत लिहिलेले होते, आणि त्या काळात या वस्तूत दोष दिसतच नाही.

डिस्क आली, कन्सोलला जोडली, कन्सोलने ती ओळखली, आपल्या पद्धतीने फॉरमॅट केली (म्हणजे पुसून वापरासाठी तयार केली) आणि जवळजवळ २ टेराबाइट जागा मोकळी असल्याचे दाखवले. पहिला गेम तीवर उतरला आणि व्यवस्थित चालला. दुसरा गेम पूर्ण व्हायला आमच्याकडे बरेच दिवस गेले, कारण ऐन पावसाचे दिवस होते आणि लाइन वरचेवर जात होती. तो पूर्ण झाल्यावर सुरूच होईना, आणि थोड्याच वेळात आधी नीट चालणारा पहिला गेमही माहिती खराब झाल्याचा संदेश देऊ लागला. पुढे कन्सोल ही डिस्क दुरुस्त करावी लागेल, मग नव्याने फॉरमॅट करावी लागेल असे सांगू लागले. फॉरमॅट केले की पुन्हा एक गेम बिनतक्रार चाले, आणि दुसरा आला की दोन्ही जात.

विक्रेत्याला विचारले तेव्हा त्याने दिलेले उत्तर मला आजही संताप आणते, कारण ते आमच्या मुलखाकडे पाहून दिलेले होते. समुद्रकाठची खारी हवा आणि वरचेवर जाणारी वीज यांमुळे डिस्क बिघडली आहे, त्यात वस्तूचा दोष नाही, असे त्याने कळवले. हे उत्तर चटकन पटते. कन्सोल चालू असताना वीज गेली तर बाहेरच्या डिस्कवरील माहितीला धोका असतो हे खरेच आहे, आणि खाऱ्या हवेने लोखंडी वस्तूंची काय गत होते हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना कोणी सांगायला नको. मुलगा तर वीज गेली त्या वेळी आपण कन्सोल चालू ठेवले होते का, हे आठवत राहिला. ज्याने काहीही चुकीचे केले नव्हते त्या मुलाच्या मनात असा अपराधभाव घालणे, हा या फसवणुकीतला मला सर्वांत वाईट वाटणारा भाग आहे.

शेवटी कणकवलीत संगणक दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका माहितगार गृहस्थांकडे डिस्क दिली. त्यांनी ती संगणकावर नव्याने फॉरमॅट करून एचटूटेस्टडब्ल्यू या विंडोजवर चालणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने तपासली. हा प्रोग्रॅम डिस्कची सांगितलेली सगळी जागा ठरावीक माहितीने काठोकाठ भरतो आणि मग लिहिलेले जसेच्या तसे परत वाचता येते का ते पाहतो. निकाल असा आला की पहिले सुमारे ५९ जीबी शाबूत आणि पुढचे सगळे नाहीसे. खारी हवा किंवा वीज यांनी झालेले नुकसान असे नसते, ते कुठेही आणि कसेही विखुरलेले असते. एका ठरावीक रेषेच्या अलीकडे सगळे निर्दोष आणि पलीकडे काहीच नाही, याचा अर्थ पलीकडे कधी काही नव्हतेच. आमच्या हाती २ टेराबाइटच्या नावाखाली ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आला होता.

निकालाची छायाचित्रे घेऊन झाल्यावर त्यांनी माझ्यासमोर, चित्रीकरण करत, डबी उघडली. आत फिरणारी तबकडी नव्हती. पेनड्राइव्हमध्ये असतो तसला बोटभर सर्किट बोर्ड होता आणि हातात घेताच वजन जाणवावे म्हणून लोखंडाचे दोन तुकडे डिंकाने चिकटवलेले होते.

याची युक्ती अशी की बोर्डवरील नियंत्रक चिपमधला प्रोग्रॅम बदलून तिला खोटी क्षमता सांगायला लावलेले असते. संगणक किंवा कन्सोल क्षमता मोजत नाही, डिस्क जे सांगते ते मानतो. फॉरमॅट करताना सुरुवातीच्या भागात थोड्या नोंदी केल्या जातात, आणि तो भाग खरा असल्याने तेही पार पडते. खरी जागा संपल्यावर येणारी माहिती ही चिप सरळ टाकून देते किंवा पुन्हा सुरुवातीपासून जुन्या माहितीवरच लिहू लागते, आणि दोन्ही वेळा लेखन यशस्वी झाल्याचे कळवते. आमचा दुसरा गेम पहिल्याच्या अंगावर लिहिला जात होता तो यामुळे. कन्सोलने डिस्क स्वीकारली म्हणजे ती खरी, असा समज अनेकांचा असतो, आणि तो घातक आहे. ८ टेराबाइटपेक्षा मोठा आकडा सांगणारी किंवा यूएसबी २.० ची डिस्क हे कन्सोल नाकारते, म्हणून ढोबळ बनावट वस्तू तिथेच अडकतात, पण अटी वाचून बनवलेली वस्तू त्यातून सुटते.

जाहिरातीत एक खोटे विधान मात्र उघड होते, आणि ते ओळखण्यासाठी डिस्क हातात असण्याचीही गरज नव्हती. ‘प्लेस्टेशन ५ चे गेम थेट यावरून खेळा’ असे तीत लिहिले होते. प्लेस्टेशन ५ चे गेम यूएसबी डिस्कवरून खेळता येतच नाहीत. एप्रिल २०२१ पासून ते तीवर साठवून ठेवता येतात, पण खेळण्यापूर्वी परत आत आणावे लागतात. यूएसबी डिस्कवरून त्या कन्सोलवर थेट चालतात ते प्लेस्टेशन ४ चे गेम. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस या कन्सोलसाठी खास बनवलेल्या गेमनाही असाच नियम आहे. जो विक्रेता एवढी साधी गोष्ट चुकीची सांगतो, त्याच्या बाकीच्या दाव्यांवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

वस्तू हाती आल्यावर पाहण्यासारख्या खुणाही आहेत. खरी हार्ड डिस्क चालू होताना हाताला बारीक थरथर जाणवते आणि कान लावला तर घरघर ऐकू येते, आमची पूर्ण मुकी होती. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, निर्मितीचे महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापणे बंधनकारक आहे, ते नव्हते. भारतात विकल्या जाणाऱ्या यूएसबी एक्स्टर्नल हार्ड डिस्कला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा तिचा क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर पडताळता येतो, तोही नव्हता. बिलावर पत्ता मुंबईचा होता, पण जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक २७ नव्हते. महाराष्ट्रात नोंदलेल्या व्यवसायाचा क्रमांक २७ नेच सुरू होतो.

या खुणा कुशल फसवणारा पुढच्या वेळी झाकू शकेल. पूर्ण भरून पाहण्याची चाचणी मात्र त्याला चुकवणे फार कठीण आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की डिस्क कन्सोलला लावण्यापूर्वी, परत करण्याच्या मुदतीतच, संगणकावर ही चाचणी करावी. लिनक्स आणि मॅक संगणकांसाठी एफथ्री हा तशाच कामाचा मोफत प्रोग्रॅम आहे. सेकंदाला १०० एमबी वेगाने २ टेराबाइट भरायला साडेपाच तासांहून जास्त लागतात आणि वाचायला जवळजवळ तेवढेच, म्हणून वीज टिकेल अशा रात्री लॅपटॉपवर लावून ठेवावी. आधी कन्सोलला जोडली तर कन्सोलच्या फॉरमॅटमुळे संगणकाला ती वाचता येत नाही, आणि चाचणीसाठी ती पुन्हा पुसावी लागते. संगणकावर २ टेराबाइटऐवजी १.८१ दिसले तर घाबरू नये, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

आता तक्रारीविषयी. ७ दिवसांची मुदत संपल्याचे सांगून संकेतस्थळाने प्रथम हात झटकले. ती मुदत त्यांची आहे, कायद्याची नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, विक्रेता कुठलाही असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणे अपेक्षित आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि चाचणीची छायाचित्रे, चित्रफीत, बिल व विक्रेत्याचे ते खाऱ्या हवेचे उत्तर असे सर्व तक्रार अधिकाऱ्याला पाठवले. त्यानंतर संकेतस्थळाने पैसे परत केले. विक्रेत्याचे पान काढून टाकले गेले, परंतु त्याच छायाचित्रांसह तीच वस्तू दुसऱ्या नावाखाली पुन्हा दिसू लागली, आणि तीही आम्ही कळवली आहे.

आमचे नुकसान त्यामानाने हलके झाले, कारण गेम पुन्हा उतरवता येतात आणि खेळातील प्रगतीची नोंद प्लेस्टेशन ४ आतल्याच डिस्कवर ठेवते. हीच वस्तू लग्नाचे किंवा गेलेल्या माणसांचे फोटो ठेवण्यासाठीही विकली जाते, आणि तिथे लिहिल्याचे खोटे कळवून माहिती टाकून दिली गेली तर ती कुठल्याच दुरुस्तीवाल्याला परत आणता येणार नाही. ज्यांच्याकडे अशी संशयास्पद डिस्क आधीपासून कन्सोलला जोडलेली आहे, त्यांनी चालत असलेले गेम कन्सोलच्या स्टोरेजच्या सेटिंगमधून आत हलवावेत, डिस्क काढून संगणकावर पूर्ण चाचणी करावी, आणि निकालाचे छायाचित्र व लेखी तक्रार हाती असल्याशिवाय डबी उघडू नये.