आशाताईंसाठीचं उद्योजकता ट्रेनिंग: सात-आठ महिन्यांनंतर काय वाटतंय

मी गावची आशा, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्यसेविका. हे ट्रेनिंग करावं का, असं खूप जणी विचारतायत म्हणून लिहितेय. करा, पण सांगतील ते सगळं मनावर घेऊ नका.

आमच्या तालुक्यात एका संस्थेनं हे घेतलं, थोडं समोरासमोर आणि बाकी मोबाईलवर. मोबाईलचा भाग सोडूनच द्या, व्हिडिओ हिंदीत, उदाहरणं बुटीक नि केकची आणि आमच्याकडे रेंजची बोंब. समोर बसून शिकवलेलं कॉस्टिंग मात्र एक नंबर. आम्ही बचत गटातल्या तिघी नाचणीचे लाडू करतो, तर शिकवणाऱ्या मॅडमनी नाचणी-गुळासोबत गॅस, पाकिटं, आठवडी बाजाराला जायचं एसटी भाडं आणि आपली मजुरीसुद्धा धरायला लावली. किलोमागे भाव वाढवला, दोन-चार गिऱ्हाइकं कुरकुरली पण टिकली. उधारीची वही वेगळी, गल्ला घरखर्चापासून वेगळा, हे तर आता अंगवळणीच पडलंय.

मग मी तोच हिशोब आशाच्या कामाला लावला ना! एचबीएनसीचे, म्हणजे नवजात बाळाला घरी जाऊन तपासायचे, २५० रुपये, दवाखान्यात बाळंत झालेली असेल तर ३ऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत सहा भेटी, म्हणजे भेटीला पुरते ४२ रुपये पण नाहीत, त्यात वजनकाटा घेऊन वाडीवर चालत जायचं, बाळाचं वजन, तापमान, आईची विचारपूस, वर फॉर्म आणि सह्या. फळ्यावर मांडलं तर सगळ्या हसल्या आणि मॅडम म्हणाल्या हे आपल्या विषयात येत नाही. लाडवाला मजुरी धरायची, बाळाला नाही, असं कसं? पण फायदा एवढा झाला की आता मी काम, तारीख, मोबदल्याचा क्लेम कधी दिला, पैसे कधी जमा झाले असं सगळं लिहून ठेवते. तालुक्याला गेल्यावर वही उघडली की 'बघतो ताई' यावर भागत नाही.

न पटलेली गोष्ट एकच, पण मोठी. 'प्रत्येक घरभेट ही विक्रीची संधी' हे वाक्य पुन्हा पुन्हा. अहो, गरोदर बाईचं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) कमी आलंय, तिच्या सासूसमोर मी पिशवीतून लाडू काढले तर ती घेणारच, नाही कोण म्हणेल आशाताईला? आणि वर तिला वाटणार की लाडू खाल्ले म्हणजे झालं, सरकारी लोहाच्या १८० गोळ्या राहतात डब्यात. आशांनी विकायचंच नाही असं नाही, सरकारच्या योजनेतलं ६ रुपयांचं पॅडचं पाकीट आम्हीच द्यायचो आणि त्यात १ रुपया आमचा, पण तिथे भाव ठरलेला असतो. जामखेडला आरोळे डॉक्टर नवरा-बायकोनी १९७० मध्ये आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, तिथेही शेळ्या, छोटे धंदे शिकवले, म्हणजे पोट धंद्यावर भरावं आणि पेशंटपुढे हात पसरायला लागू नये. ही बाजू ट्रेनिंगमध्ये एका ओळीतही आली नाही. मी लाडू भेटीला नेतच नाही, विक्री फक्त बाजारात नि गटाच्या स्टॉलवर.

आणखी एक, परवान्याचं शेवटच्या दिवशी घाईत उरकलं. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट होते, छोट्या खाद्यपदार्थवाल्यांचं फूड रजिस्ट्रेशन वर्षाला १०० रुपये, एजंटला जास्तीचे देऊ नका, आमच्यातल्या एकीकडून घेतलेच. आणि बॅच लावणीच्या दिवसांत किंवा पोलिओच्या आठवड्यात ठेवली तर सरळ नाही म्हणा, तारीख बदलून मिळते.