पाऊण इंची बर्ड नेट: शेडला लावा आणि शेततळ्यावर पण (पाचपैकी चार स्टार)

भिगवण, इंदापूर, करमाळा, म्हणजे उजनीच्या बॅकवॉटरच्या आसपास ज्यांचं पोल्ट्री शेड आहे त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय. काळी एचडीपीईची (चिवट प्लास्टिकची) पाऊण इंची जाळी आमच्या ब्रॉयलर शेडला लावली आणि शेततळ्यावर पण ताणली, अख्खा हिवाळा गेला, माल चांगला आहे. उन्हाने कडक पडली नाही, गाठी सुटल्या नाहीत, चिमण्या आणि साळुंक्या आत यायच्या बंद झाल्या. दुकानात बरेच जण द्राक्षबागेची मोठ्या भोकाची जाळी "बर्ड नेटच आहे" म्हणून देतात, ती घेऊ नका, चिमणी आरामात आत जाते.

आता चिमणीने काय होतंय असं कोणी म्हणेल, तर बर्ड फ्लू शेडमध्ये येतो कसा ते आधी समजून घ्या. हा व्हायरस मुळात पाणपक्ष्यांचा, रानबदकाच्या आतड्यात राहतो आणि बरीच बदकं आजारी न दिसताच विष्ठेतून सोडत राहतात, ती विष्ठा पडते पाण्यात, आणि गार पाण्यात व्हायरस कित्येक दिवस टिकतो. दिवाळीनंतर आपल्याकडे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही बदकं आणि पट्टकादंब हंस सगळे उतरतात, पण ते काय थेट शेडमध्ये येत नाहीत, येतात ते चिमण्या, कावळे, बगळे, काठावर चरून आपल्या फीडवर. आणि कोंबडीला एकदा एच५एन१, म्हणजे हाच बर्ड फ्लूचा व्हायरस, लागला की दोन-तीन दिवसात शेड रिकामं.

हे पट्टकादंब २००५ ला चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर मोठ्या संख्येने मेले होते, २०२० च्या शेवटी हिमाचलच्या पोंग धरणावर परत तेच. म्हणजे बदकं-हंस फक्त रोग वाहणारे नाहीत, मरतात पण. म्हणून बदकांना फटाके लावून हाकलणारे बघितले की खरंच वाईट वाटतं, उलट मेलेल्या कोंबड्या कॅनॉलला नाहीतर तळ्याच्या काठाला फेकणं हे आपल्याकडून त्यांच्याकडे रोग पाठवणं आहे. खोल खड्डा, चुना, वर माती, एवढं तरी करा.

माझ्या मते या जाळीचा सगळ्यात मोठा फायदा शेततळ्यावर आहे आणि तो कोणी सांगतच नाही. हळदी-कुंकू बदक तर बारमाही तळ्यावर बसतं, आणि तेच पाणी मोटारीने टाकीत, टाकीतून निपलला, म्हणजे कोंबड्या पाणी पितात त्या तोटीला. शेडला कितीही जाळी लावा, पाणीच तसं असेल तर काय उपयोग. तळ्यावर लावताना खाली तार ओढून एकदम टाईट ताणा, सैल राहिली की पक्षी अडकून मरतो. आणि जाळी असली तरी टाकीत ब्लीचिंग टाकून अर्धा तास तरी थांबायचंच, कारण वरून विष्ठा पडायची ती जाळीतून पडतेच.

एक स्टार कापला तो कडेच्या दोरीसाठी, फार बारीक देतात, मध्ये झोळ येतो, वेगळी दोरी आणून ओवावी लागली. शिवाय पिसं आणि तूस अडकून भोकं बुजतात, उन्हाळ्यात हवा कोंडते, झाडूने झाडत राहा.

आणि जाळीने बूट थांबत नाहीत, फीडची गाडी थांबत नाही, दुसऱ्या फार्मवरून आलेले अंड्याचे ट्रे आणि क्रेट थांबत नाहीत. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये रोग जातो तो जास्त करून असाच. नंदुरबारच्या नवापूरला २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, २०२१ ला पुन्हा नवापूरच. शेडला शेड लागून असली की असं होतं. त्यामुळे दारात फूटबाथ (पाय बुडवायला जंतुनाशकाचं पाणी) आणि शेडची चप्पल वेगळी, हे जाळीबरोबरच करा, खर्च किरकोळ आहे.

नायलॉनपेक्षा महाग पडते पण घ्या, आणि बदकं यायच्या आधी, ऑक्टोबरमध्येच लावून टाका. जमलं तर शेजारच्या शेडवाल्याला पण सोबत घेऊन एकदम ऑर्डर द्या, कारण रोग निघाला की एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्यांच्याच कोंबड्या मारतात, तुमच्या शेडला जाळी होती का नाही हे कोणी विचारत नाही.