लष्करी बोलीचा खिशातला कोश: एका सबटायटलवालीचं मत

युद्धावरच्या माहितीपटांना मराठी सबटायटलं लिहिणं हे माझं काम. वैमानिक तीन शब्द बोलतो आणि दृश्य बदलतं, तेवढ्यात मला अर्थ बसवायचा असतो. म्हणून आठ महिन्यांपूर्वी हा इंग्रजी-इंग्रजी कोश घेतला. सैनिकांची बोली, शस्त्रं आणि तांत्रिक शब्द, सगळं घरगुती भाषेत समजावलेलं. तीन भाग आहेत, पण तिन्ही एका हाताने लिहिलेले वाटत नाहीत.

बोलीचा भाग झकास. शब्द कोण, कुणाला, कुठल्या घाईत म्हणतो हे त्यात येतं. 'बोगी' म्हणजे रडारवर दिसलेलं, ओळख न पटलेलं विमान. 'बँडिट' म्हणजे शत्रूचंच, नक्की. मी कित्येक वर्षं दोन्हीला 'शत्रूचं विमान' लिहीत आले. म्हणजे ज्या दृश्यात वैमानिकाला गोळी झाडावी की नाही हेच कळत नव्हतं, तिथे माझ्या प्रेक्षकाला आधीच उत्तर मिळत होतं! 'बिंगो फ्युएल'ची नोंदही अशीच: परत पोचण्यापुरतंच इंधन उरलंय, आता वळ. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी 'स्नाफू' तर मला थेट मराठीत ऐकू आला: 'सगळं ठीक, म्हणजे नेहमीसारखं बोंबललेलं.' त्या आद्याक्षरांत दडलेली मूळ शिवी कोशाने सभ्य करून टाकलेली नाही, हेही बरं.

'आरपीजी'च्या नोंदीसाठी तर लेखकाला पैकीच्या पैकी. 'रॉकेटवर चालणारा ग्रेनेड' हा इंग्रजी विस्तार त्या अक्षरांवर मागाहून बसवलेला. मूळ रशियन नावाचा अर्थ 'हातातला रणगाडाविरोधी ग्रेनेड-लाँचर'. म्हणजे नाव नळीचं आहे, तिच्यातून सुटणाऱ्या दारूगोळ्याचं नाही. 'टँक'खाली पहिल्या महायुद्धातली लपवाछपवी आहे: ब्रिटिशांनी नवं यंत्र गुप्त राहावं म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं भासवलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. (आपण 'रणगाडा' म्हणून सगळं गुपित पहिल्याच फटक्यात फोडतो. शब्द मात्र छान आहे, मी बदलणार नाही.)

शस्त्रांच्या भागात मात्र मी तोंडावर आपटले. 'कॅलिबर'पुढे फक्त 'नळीचा आतला व्यास' एवढंच छापलंय. बंदुकीला ते चालतं. पण '155 मिलिमीटर, 52 कॅलिबर' अशी तोफ आली की दुसरा आकडा नळीची लांबी सांगतो: व्यासाच्या 52 पट, म्हणजे आठ मीटरांहून थोडी जास्त. मी विश्वासाने '52 व्यासाची तोफ' लिहून मोकळी झाले. माहितीपट प्रसारित झाल्यावर तोफखान्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी निरोप पाठवला, 'ताई, एवढ्या तोफेत आम्ही सगळे बसलो असतो.' अत्यंत प्रेमळ निरोप होता, तरी दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

'क्लिप' आणि 'मॅगझिन' इथे चक्क समानार्थी. क्लिप काडतुसं एकत्र धरून ठेवते. मॅगझिनमध्ये ती भरलेली असतात आणि स्प्रिंग त्यांना एकेक करून वर ढकलते. 'बुलेट' (नळीतून सुटणारं टोक) आणि 'कार्ट्रिज' (दारूसकट अख्खं काडतूस) यांचाही असाच घोळ. मराठीत आपण दोन्हीला 'गोळी' म्हणतो, तेव्हा दोष एकट्या लेखकाला देत नाही. पण कोश घेतला तो हे सोडवायलाच ना?

तांत्रिक भाग पानं भरायला जोडल्यासारखा. 'बग' (शब्दशः किडा, इथे यंत्रातला दोष) हा शब्द 1947 साली हार्वर्डच्या संगणकात सापडलेल्या पतंगावरून जन्मला, असं ठामपणे लिहिलंय. पतंग सापडला हे खरं, नोंदवहीत चिकटवलेला आहे. पण शेजारी 'बग प्रत्यक्षात सापडल्याची पहिली घटना' अशा अर्थाची ओळ आहे, म्हणजे विनोद करणाऱ्यांना शब्द आधीच माहीत होता. एडिसनच्या 1878 सालच्या पत्रातही तो याच अर्थाने आहे.

बांधणी ढिली, 'बी'ची पानं सुटून आली आहेत. बोलीभागासाठी पाचपैकी साडेचार, बाकी दोन भागांना मिळून दोन. ज्यांना फक्त शस्त्रांची माहिती हवी त्यांनी हा घेऊ नये. मी ठेवणार आहे, कॅलिबरच्या पानावर लाल शाईने '× व्यास' लिहून.