भारतीय इंग्रजी कादंबरी विकत घेताना: आधी कोणती, आणि प्रत कशी पारखायची

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये कुठेही पुस्तकं चाळायला थांबलात, की भारतीय लेखकांच्या इंग्रजी कादंबऱ्यांबद्दल दोनच मतं कानावर येतात. "ही काय इंग्रजी झाली? आठवीतल्या पोराची भाषा!" नाहीतर, "एका बैठकीत संपवलं, भारी आहे." पुस्तक निवडायला दोन्हींचा फारसा उपयोग नाही. सोपी भाषा हा या पुस्तकांचा दोष नाहीच, तेच त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे. दोष आहेत, पण ते दुसरीकडे.

चेतन भगत यांची 'फाइव्ह पॉइंट समवन' २००४ साली आली, तेव्हा किंमत ९५ रुपये. मराठी माध्यमात शिकलेल्या, इंग्रजी पेपर वाचता येतो पण कादंबरी एकही पूर्ण झालेली नाही अशा वाचकाने आजही इथूनच सुरुवात करावी. गोष्ट नायक हरी स्वतः सांगतो. वाक्यं आखूड, संवाद भरपूर, वर्णनं कमी. आयआयटी दिल्लीचं हॉस्टेल, मार्कांची भीती, घरच्यांच्या अपेक्षा हे सगळं आपल्या ओळखीचं, त्यामुळे शब्द अडला तरी प्रसंग अडत नाही.

पहिली ३० पानं डिक्शनरीला हात न लावता वाचा. एखादा शब्द तीनदा आला आणि तरीही अर्थ लागला नाही, तरच शोधा. दर शब्दाला थांबणाऱ्याचा गोष्टीचा धागा तुटतो आणि पुस्तक चाळिसाव्या पानावर बंद पडतं. इंग्रजी जड आहे असं त्याला वाटतं, पण तो दमलेला असतो थांबण्याने. नवख्या वाचकाचा वेग मिनिटाला १५० शब्द धरला आणि पानावर ३०० शब्द, तर एका पानाला दोन मिनिटं लागतात. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात १५ पानं, येता-जाता ३०. म्हणजे २७० पानांची कादंबरी नऊ दिवसांत, तीही घरचा एक मिनिट न घेता.

याच पुस्तकाचा खरा कच्चा भाग म्हणजे नेहा. ती प्राध्यापक चेरियन यांची मुलगी आहे, हरीचं प्रेम आहे, कथानकाला हवी तेव्हा हजर आहे. पण तिला स्वतःला काय हवंय याचा शोध लेखक घेत नाही. शेवटही फार पटकन जुळून येतो. त्या मानाने 'टू स्टेट्स' (२००९) कितीतरी पक्की आहे. पंजाबी मुलगा क्रिश, तमिळ मुलगी आणि दोन्हीकडचे आईवडील अशी गोष्ट. लोक ती विनोदासाठी वाचतात, पण क्रिश आणि त्याचे वडील यांच्यातला अबोला हा तिचा कणा आहे. या लेखकाचं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर हे घ्या.

अमीश यांची शिवत्रयी हा वेगळा मामला. पहिला भाग 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' २०१० चा, दुसरा २०११, तिसरा २०१३. 'मृत्युंजय' आणि 'ययाति' वाचून वाढलेला वाचक इथे हमखास बिचकतो. आपल्याकडे पौराणिक कादंबरीची भाषा भारदस्त असते, पात्रं स्वतःच्या मनात खोल उतरतात. इथे शिव हा तिबेटमधल्या टोळीचा नायक आहे आणि बोलतो आजच्या ऑफिसातल्या माणसासारखा. "पुराणाची मोडतोड केली" ही तक्रार त्यातूनच येते, आणि ती मला अन्यायाची वाटते. लेखकाने पुराण पुन्हा सांगायचं ठरवलेलंच नाही. देव आधी माणूस होता असं मानलं तर काय होईल, या एका कल्पनेवर त्याने राज्यं, कायदे, सोमरस असं अख्खं जग उभं केलंय. ते जग रचण्यात तो थोर आहे, संवाद लिहिण्यात नाही. लढायांची पानं धावतात, चर्चांची पानं रेंगाळतात. पहिला भाग ऐन प्रसंगात तुटतो, म्हणून दुसरा हाताशी ठेवूनच सुरुवात करा. आणखी एक, ही पुस्तकं आधी वेस्टलँडची होती. २०२२ मध्ये अॅमेझॉनने ते प्रकाशन बंद केल्यावर ती हार्पर कॉलिन्सकडे गेली. कपाटात संच सारखा दिसायला हवा असेल तर तिन्ही भाग एकाच प्रकाशनाचे बघून घ्या.

अश्विन सांघी यांच्या 'चाणक्याज चांट'मध्ये एक प्रकरण चाणक्याचं, एक आजच्या राजकारणाचं, असं आलटून पालटून चालतं. प्रकरणाच्या डोक्यावरचा काळ न वाचता पुढे गेलात की गोंधळ ठरलेला. प्रवासात तुकड्यातुकड्याने वाचायला ही जरा अडचणीचीच. कॉलेजातल्या प्रेमकथांचा ढीग मात्र मागे राहू द्या. दोन वाचल्या की तिसरीतलं पान न पान आधी कळतं.

भगत जमले, आता पुढे काय, याला माझं उत्तर आर. के. नारायण. 'स्वामी अँड फ्रेंड्स' १९३५ ची आहे. भाषा तितकीच सोपी, पण प्रत्येक वाक्य नेमकं. सोपं लिहिणं आणि ढिलं लिहिणं यातला फरक 'फाइव्ह पॉइंट समवन' आणि हे पुस्तक लागोपाठ वाचलं की आपोआप कळतो.

आता प्रत. रस्त्यावर निम्म्याहून कमी किमतीत मिळणारी कोरी प्रत बहुधा पायरेटेड, म्हणजे चोरून छापलेली असते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तपासून काही कळत नाही, कारण मूळ कव्हर जसंच्या तसं स्कॅन केलेलं असतं आणि नंबर त्यावरच असतो. अक्षरांच्या कडा बघा. स्कॅनवरून छापलेलं अक्षर फुगलेलं दिसतं, 'ई' आणि 'ए' या इंग्रजी अक्षरांची पोकळी बुजलेली असते. कागद इतका पातळ की मागची छपाई पुढे दिसते. कव्हरवरची बारीक अक्षरं धुरकट. मग पानं. पुस्तक साधारण १६ पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांनी, बांधलेलं असतं, त्यामुळे फर्मा गळला तर एकदम १६ पानं जातात, किंवा तीच १६ दोनदा येतात. पानांचे आकडे भराभर चाळून बघायला अर्धा मिनिटही लागत नाही. शेवटी पुस्तक मधोमध उघडून हलकं दाबा. कडक गोंद कर्रकन् वाजला तर दुसऱ्या वाचनात पानं सुटणार.

स्वस्तच हवं असेल तर वापरलेली अस्सल प्रत घ्या. पिवळी पडली तरी तिची पानं जागेवर राहतात आणि लेखकाचं काही चोरलं जात नाही. पायरसी हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैदेचा. नवी प्रत दुकानातून घेतलीत तर बिल पुस्तकातच ठेवा. गळलेला फर्मा कधीकधी दोनशेव्या पानावर पोचल्यावरच लक्षात येतो, आणि बदलून मागताना दुकानदार पहिलं बिलच विचारतो.