पाच बोल्ट जागच्या जागी, आणि दार उघडं

दिवाळीत आमच्या कॉलनीत, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ, दोन रो-हाउस सोडून पलीकडचं घर फुटलं. ते लोक सिन्नरला गावी गेले होते. नेहमीप्रमाणे कडीकोयंडा तोडला. ही बातमी पेपरात शंभरदा वाचलेली असते, पण तो कोयंडा आपण रोज येता-जाता बघत होतो हे कळलं की पोटात गोळा येतो. आठ-दहा दिवसांतच एक माणूस हातात सेफ्टी दारांचा कॅटलॉग आणि पत्र्याचा तुकडा घेऊन कॉलनीत आला. आता वाटतं, तो वेळ साधूनच आला होता.

पत्र्याचा तुकडा चांगला जाड होता. "मावशी, सोळा गेज. हातात घेऊन बघा." मी घेतला. मग बोल्टचं कुलूप दाखवलं. किल्ली फिरवली की पाच बोल्ट खटाखट बाहेर येत. वरच्या जाळीला चुंबक लावून म्हणाला, चिकटत नाही, म्हणजे 304, चांगल्या प्रतीचं न गंजणारं स्टील. वर, कुंभमेळ्याला बाहेरून किती माणूस येणार, हेही ऐकवलं. आमचे हे म्हणत होते, थांब, अंबडला दोन-चार ठिकाणी विचारू. मी ऐकलं नाही. 38,000 रुपये ठरले. 25,000 आगाऊ, तेही त्याच्या स्वतःच्या नंबरवर. बिल मागितलं तर म्हणाला, काम झाल्यावर एकदमच देतो.

दुपारी तीनला कामगार आले, संध्याकाळी सातला दार उभं. चौकटीभोवती पांढरा फोम मारला, वर पट्टी लावली, झालं. तेव्हाच खटकायला हवं होतं. जुन्या नाशकात आजीच्या वाड्याचं दार बसवलं तेव्हा गवंडी दोन दिवस भिंतीशी झटत होता, असं तीच सांगायची. रात्री आडसर सरकवला की त्याची दोन्ही टोकं भिंतीत जायची. आमच्या दाराचं भिंतीशी नातं जेमतेम ओळखीपुरतं होतं.

पहिल्याच पावसाळ्यात जाळीला तांबूस ठिपके आले. मग श्रावणात एके दिवशी मी भाजी घेऊन आले, तर कुलूप अडकलं. किल्ली फिरेना. ओळखीचा वेल्डर मिस्त्री आला. त्याने कुलपाला हातही लावला नाही. चौकट आणि भिंतीच्या फटीत पहार घातली, दोनदा रेटली. प्लास्टर ढासळलं, चौकट दोन बोटं सरकली आणि दार बाहेर आलं. पाचही बोल्ट जसेच्या तसे बाहेर आलेले.

दार उघडलं म्हणून मला आधी आनंदच झाला. मग मिस्त्रीकडे बघितलं.

"काकू, कुलूप वाईट नाही हो. पण ही चौकट भिंतीला धरलीय कशाने?"

त्याने स्क्रू काढून तळहातावर ठेवले. दीड इंची. चौकटीचा पत्रा, मग अर्धा इंच फोम, मग प्लास्टर, एवढ्यातच स्क्रू संपलेला. विटेला जेमतेम टेकलेला, मागे प्लास्टिकची गुल्ली. फोम धूळ-वारा अडवायला असतो, पहारीपुढे त्याचं काय चालणार? त्याने व्हर्नियर लावून पत्राही मोजला: 0.7 मिलिमीटर. सोळा गेज म्हणजे साधारण 1.6 असायला हवा. आम्हाला मिळाला बावीस; गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ. दाखवायचा तुकडा वेगळा, बसवायचं दार वेगळं. आणि चुंबकाचं म्हणाल तर 202 नावाच्या स्वस्त स्टीललाही ते सहसा चिकटत नाही. खात्री हवी तर रसायनाचा थेंब टाकून तपासतात.

मिस्त्रीने चौकट भिंतीला लागून घेतली, दोन्ही बाजूंना चार-चार लांब अँकर फास्टनर विटेत खोलवर मारले, पोकळ चौकटीत सिमेंटचा माल भरला. दार बाहेर उघडणारं, त्यामुळे बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेरच्या बाजूला. त्या ठोकून काढल्या की कुलूप न उघडताही दार निघतं, म्हणून त्या वेल्ड करून टाकल्या. सगळं मिळून 3,400 रुपये. पत्रा मात्र पातळ तो पातळच.

विकणाऱ्याचा फोन लागत नाही. कार्डावर फक्त 'अंबड, नाशिक'. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवली, पण पहिला प्रश्न हाच की बिल आहे का. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण नोटीस पाठवायची तर समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट सोडून काही नाही.

गेल्या आठवड्यात जेलरोडच्या मैत्रिणीने फोटो पाठवला. दुसरं नाव, दुसरं कार्ड, पण पत्र्याचा तुकडा तोच, कोपऱ्यावरच्या ओरखड्यासकट. मी म्हटलं, त्याने आधी बसवलेल्या एखाद्या दाराचा स्क्रू काढून दाखवायला सांग. तिने विचारलं. तो म्हणाला, स्क्रू काढला की गॅरंटी जाते.